विचारायला कुणी आलं नाही

माझी भाची एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की ती माझ्याकडे राहते. या खेपेला एक बदल दिसला: जेवताना ती चमचा मागायला लागली. प्रेतं टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनचा वास हाताला धरून राहतो, कितीही साबण लावला तरी जात नाही, असं तिचं म्हणणं. मला तिच्या हातांना कसलाच वास येत नव्हता. संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतो, तेव्हा ती मधेच म्हणाली, "मावशी, आमच्या टेबलावरच्या बॉडीच्या हातावर गोंदलंय." काय गोंदलंय, मी विचारलं. "तुळस आहे. आणि खाली नाव." मग थोड्या वेळाने, मान वर न करताच, "रजिस्टरमध्ये मात्र लिहिलंय, अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ." नाव काय ते तिने सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी या मुलांना मृतदेहासमोर उभं करून शपथ देतात, त्या देहाचा मान आणि त्याची गुपितं राखायची. मीही विचारलं नाही. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि तेच डोक्यात फिरायला लागलं. माझ्या आजीच्या हातावर असंच गोंदण होतं. दुपारी ती लवंडली की तिच्या कुशीत पडून मी त्या हिरव्या ठिपक्यांवरून बोट फिरवायचे. ती म्हणायची, दागिने इथेच उतरवून ठेवावे लागतात, वर सोबत येतं ते गोंदण.

हातावर नाव असलेली बाई अनोळखी कशी ठरते?

हा प्रश्न मला त्या संध्याकाळी नव्याने पडला नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनबद्दल, आणि त्यातही थेम्सच्या पाण्यात सापडलेल्या बायकांबद्दल, मी बरीच वर्षं मिळेल ते वाचत आले आहे. भाची बोलली तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो १८८४ सालचा ऑक्टोबर. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या आसपास एका बाईच्या देहाचे तुकडे सापडले होते. कवटी, मांडीचं मांस, आणि बेडफर्ड स्क्वेअरच्या लोखंडी कठड्यावरून आत भिरकावलेलं एक पुडकं. पुडक्यात हात होता आणि हातावर गोंदलेलं होतं. ते कुणी गोंदलं असेल, कुठे, कुणाच्या हौसेखातर, याचा माग निघाला नाही. त्या गोंदणावरून शहराने एक तर्क तेवढा केला, की बाई धंदा करणारी असावी. तर्क झाला आणि शोध तिथेच मंदावला. तिचं नाव आजवर कुणाला कळलेलं नाही.

त्याआधी पाच वर्षं, ५ मार्च १८७९ रोजी, बार्न्सजवळ नदीत एक लाकडी पेटी सापडली होती. आत बाईच्या देहाचे तुकडे होते, डोकं नव्हतं. वर्तमानपत्रांनी ताबडतोब शंका काढली की हे शरीरशास्त्र शिकवण्यासाठी वापरलेलं प्रेत असावं, कुणीतरी काम झाल्यावर टाकून दिलेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. नदीत माणसाचे तुकडे सापडावेत आणि खुनाच्या बरोबरीने लोकांच्या मनात कॉलेजच्या टेबलाचा विचार यावा, इतकं ते शहर कशाला सरावलं होतं? ते कळायला आणखी पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

१७५२ पासून इंग्लंडमध्ये खुन्याला फाशी दिल्यावर त्याचं प्रेत शस्त्रवैद्यांच्या हवाली करत. ती शिक्षेवरची शिक्षा होती, मुद्दाम अपमान म्हणून ठेवलेली. पण शिकणारे वाढत गेले आणि फाशीची प्रेतं पुरेनात. मग कबरी उकरणारे आले. कायद्याच्या दृष्टीने मेलेल्या माणसाचा देह कुणाचीच मालमत्ता नव्हता, त्यामुळे प्रेत चोरणं हा किरकोळ गुन्हा आणि त्याच्या अंगावरचं कफन चोरणं हा मात्र गंभीर गुन्हा. म्हणून ही माणसं प्रेत नागवं करायची आणि कापड परत कबरीत टाकायची. या एका तपशिलाने मला जेवढं अस्वस्थ केलं तेवढं त्यातल्या रक्ताने कधी केलं नाही. रात्रीच्या अंधारात, हातात फावडं असताना, कुणीतरी मेलेल्या बाईची चादर नीट काढून तिच्या रिकाम्या पेटीत ठेवतो आहे, कारण चादरीला मालक आहे.

एडिनबरोच्या बर्क आणि हेअरने उकरण्याचे कष्टही वाचवले. त्यांनी विकलेलं पहिलं प्रेत आपल्या मरणाने मेलेल्या भाडेकरूचं होतं, त्याचे डॉ. नॉक्सच्या शरीरशास्त्राच्या शाळेत ७ पौंड १० शिलिंग मिळाले. त्यानंतर १८२८ साल संपेपर्यंत त्यांनी १६ माणसं मारली. त्यातला जेमी विल्सन हा अठरा-एकोणीस वर्षांचा, जरा भोळसट, पायाने अधू असलेला मुलगा रस्त्यावर हिंडायचा, त्याला सगळं गाव ओळखायचं. त्याचा देह टेबलावर आला तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याला ओळखलं. नॉक्सने तो जेमी नव्हे म्हणून सांगितलं आणि त्या देहाचं डोकं आणि पाय आधी वेगळे झाले. ओळखायला चेहरा उरला नाही, पायातला दोष उरला नाही. साठ वर्षांनंतर थेम्समध्ये सापडलेल्या देहांना डोकी नव्हती, हे वाचताना मला दर वेळी ते टेबल दिसतं. मारेकऱ्याने डोकं का नाहीसं केलं यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. पण ती युक्ती त्याच्या कितीतरी आधी, दिवसाउजेडी, शिकल्यासवरल्या माणसांच्या खोलीत वापरून झाली होती.

लंडनची गोष्ट १८३१ ची. ५ नोव्हेंबरला बिशप आणि मे ही प्रेतं विकणारी जोडी किंग्ज कॉलेजात एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं प्रेत घेऊन आली. बारा गिनी मागितल्या, घासाघीस होऊन नऊवर सौदा ठरला. प्रेत इतकं ताजं होतं की पुरलं गेल्याची एकही खूण त्यावर नव्हती. शिकवणारे रिचर्ड पार्ट्रिज सावध झाले, पन्नास पौंडांची नोट मोडून आणतो म्हणाले आणि पोलिसांना बोलावणं धाडलं. मुलाचे दात त्याआधीच एका दंतवैद्याला विकून झाले होते. बिशप आणि त्याचा दुसरा एक साथीदार विल्यम्स ५ डिसेंबरला फासावर गेले. खटल्यात हा मुलगा इटलीहून आलेला, पांढरे उंदीर दाखवून पैसे मागणारा कार्लो फेरारी म्हणून ओळखला गेला. फासावर जाण्यापूर्वी बिशपने सांगितलं, तो इटालियन नव्हताच, लिंकनशरहून गुरं हाकत आलेला पोरगा होता. म्हणजे ज्या खुनाने अख्खं लंडन हललं, पार्लमेंट हललं, त्या खुनात मेलेल्या मुलाचं नावदेखील नक्की सांगता येत नाही.

पार्लमेंट हललं आणि १८३२ साली शरीरशास्त्राचा कायदा आला. खुन्यांची प्रेतं फाडण्याची शिक्षा त्यानेच रद्द केली. त्याऐवजी म्हटलं की प्रेत ज्याच्या कायदेशीर ताब्यात असेल त्याने ते द्यायला हरकत नाही, मात्र मृताने तशी मनाई केलेली नसावी आणि नातेवाईकांनी हरकत घेतलेली नसावी. मृत्यूनंतर ४८ तास उलटले पाहिजेत. वाचायला किती साधं. पण प्रेत कायदेशीर ताब्यात कुणाच्या असतं? वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधार गरिबांना ठेवत त्या घरांच्या, आणि इस्पितळाच्या. आणि तिथे मरतं कोण? काल परवापर्यंत जी खुन्याची शिक्षा होती ती आता निराधार म्हातारीच्या वाट्याला आली, तिने कुणाचंही काही वाकडं केलेलं नसताना. १८३४ नंतर वर्कहाऊसं वाढली तसा हा पुरवठाही मार्गी लागला. तिथल्या गरिबांनी दफनासाठी आठवड्याला पेनी पेनी साठवली, पोटाला चिमटा काढून साठवली, ती उगाच नाही. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही तर घराच्या जिवाला जी तळमळ लागते, तीच त्यांना लागत असणार. देह अख्खा मातीत जावा, शेवटच्या दिवशी अख्खा उठावा, ही त्यांची श्रद्धा होती.

एक खटला मला विसरता येत नाही. न्यूइंग्टनच्या वर्कहाऊसचा प्रमुख आल्फ्रेड फाइस्ट, साल १८५८. नातेवाईक अंत्ययात्रेला यायचे, पेटीमागून चालायचे, खड्ड्यावर प्रार्थना म्हणायचे. पेटीत दुसराच कुणी असायचा. त्यांचं माणूस गायज हॉस्पिटलच्या टेबलावर गेलेलं असायचं आणि हे जुळवून देणाऱ्या दफनवाल्याकडून फाइस्टला मोबदला मिळायचा. ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. वरच्या कोर्टाने सोडून दिलं. कारण काय, तर नातेवाईकांनी 'फाडू नका' अशी स्पष्ट मागणी केलेली नव्हती. त्यांना वाटत होतं की आपण आपल्याच माणसाला पुरतो आहोत. मागणी कुठून करणार? कायदा अक्षराने पाळला गेला. मी कितीदा स्वतःला बजावते की त्या काळाला त्या काळाच्या मापाने मोजावं. इथे ते जमत नाही. परक्या माणसाच्या पेटीवर मूठभर माती टाकून, डोळे पुसत घरी गेलेली ती माणसं होती.

आता नदीकडे येते.

सप्टेंबर १८७३ मध्ये बॅटरसीजवळ गस्तीच्या पोलिसांना पाण्यात एका बाईच्या धडाचा तुकडा दिसला, मग भरती-ओहोटीबरोबर इतर तुकडे एकेक करून वर येत गेले. डॉक्टरांनी ते जुळवले. सांधे मोडलेले नव्हते, सफाईने सोडवलेले होते. सरकारने २०० पौंडांचं इनाम लावलं. बाई कोण ते कळलं नाही. १८८७ साली रेनहॅमला पुन्हा तेच. ११ सप्टेंबर १८८८ ला पिम्लिकोजवळ एक हात, आणि २ ऑक्टोबरला त्याच देहाचं धड, तेही कुठे, तर पोलिसांच्या नव्या मुख्यालयाच्या बांधकामात. नदीकाठच्या एम्बँकमेंट रस्त्यावरच्या त्या जागी आधी ऑपेरा हाऊस होणार होतं, पैसे संपल्याने पायावरच थांबलं; मग तीच जागा न्यू स्कॉटलंड यार्डला मिळाली. तळघरात दिवसाही दिवा लागायचा अशा कोपऱ्यात एका सुताराला ते गाठोडं सापडलं. पुढे एका पत्रकाराने परवानगी काढून आपला कुत्रा आत नेला, तेव्हा पुरलेला पायही निघाला. पोलिसांनी जागा धुंडाळून झाल्यावर. कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ज्युरीने निकाल दिला, मृतावस्थेत सापडली. बस. तिच्यावर ती इमारत पुरी झाली, १८९० साली पोलीस तिथे राहायलाही आले.

या प्रत्येक प्रकरणात डॉक्टरांना विचारलेला प्रश्न एकच असायचा: ज्याने कापलं त्याला शरीराचं ज्ञान होतं का? थॉमस बाँड आणि चार्ल्स हेबर्ट यांनी सांध्यांचा, कापण्याच्या दिशेचा अभ्यास करून सांगितलं, कौशल्य आहे, पण ते शिकलेल्या शरीरशास्त्रज्ञाचंच असेल असं नाही. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. तुटलेल्या देहातून त्यांनी वय, उंची, श्रमाने राठ झालेले किंवा न झालेले हात, सगळं वाचून काढलं. पण चाकू धरणाऱ्याच्या कसबाची चर्चा जेवढी झाली तेवढी तो चाकू जिच्यावर चालला तिची झाली नाही. आजही होत नाही. हे सगळे खून एकाचे की अनेकांचे, तोच व्हाइटचॅपलवाला, म्हणजे जॅक द रिपर, का, यावर वाद घालणाऱ्यांची मला आता चीड येते. मी स्वतः ते वाद आवडीने वाचले आहेत, तरीही येते.

या ओळीतल्या एकाच बाईला नाव मिळालं. एलिझाबेथ जॅक्सन, वय २४, चेल्सीची, मोलकरणीचं काम केलेली. जून १८८९ मध्ये तिच्या देहाचे तुकडे नदीत, बॅटरसी पार्कच्या झुडपात सापडत गेले. एक तुकडा एम्बँकमेंटवरच्या शेली हाऊसच्या बागेत फेकलेला होता. ते घर सर पर्सी शेलींचं, म्हणजे जिची फ्रँकेनस्टाइन ही कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली त्या मेरी शेलीच्या मुलाचं. कबरी आणि डिसेक्शनच्या खोल्यांतून गोळा केलेल्या तुकड्यांचा माणूस जिने कल्पिला, तिच्या मुलाच्या अंगणात खऱ्या बाईचा तुकडा पडावा. मला यात अर्थ शोधायचा नाही, पण ते वाचलं त्या दिवशी माझं दुसऱ्या कशात लक्ष लागलं नाही.

एलिझाबेथ सात-आठ महिन्यांची गरोदर होती. ज्याच्याबरोबर राहत होती तो सोडून गेला होता, आणि ती नदीकाठी, उघड्यावर रात्री काढत होती. पुढे पोलिसांनी त्याला शोधून काढलं, त्याचा खुनाशी संबंध नव्हता. बोटावर अंगठी ओढून काढल्याची खूण होती. तुकडे ज्यात गुंडाळले होते त्यातला एक जुना कोट तिला ओळखीच्या बाईने दिलेला होता. दुसऱ्या एका कपड्यावर एल. ई. फिशर असं नाव होतं, आणि तेही तिचं नव्हतं, कारण कपडा आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेला. नाव लिहिलेलं सापडलं ते परकं आणि स्वतःचं म्हणून राहिलं ते मनगटावर, जुन्या जखमेचा व्रण. तो व्रण आईला ठाऊक होता. आईने सांगितला आणि पोलिसांच्या कागदावर एलिझाबेथ जॅक्सन हे नाव आलं. ज्युरीने अज्ञात इसमाकडून खून असा निकाल दिला, म्हणजे निदान खून झाला एवढं तरी लिहिलं गेलं. सप्टेंबरात पिंचिन स्ट्रीटच्या रेल्वे कमानीखाली आणखी एक धड सापडलं. तिच्यासाठी ओळख सांगायला कुणी उभं राहिलं नाही.

एलिझाबेथच्या आणि बाकीच्या बायकांच्या देहात काय फरक होता? डोकं तिचंही मिळालं नाही. तिला विचारत आलेली आई होती, एवढाच. बार्न्सच्या पेटीचंही तसंच झालं. ती पेटी कुणा कॉलेजची नव्हती. रिचमंडच्या ज्युलिया मार्था थॉमस या विधवा बाईला तिच्या मोलकरणीने, केट वेबस्टरने, मारलं होतं आणि तिचेच कपडे घालून ती हिंडत होती, तिचं सामान विकत होती. सामान न्यायला गाडी आली तेव्हा शेजारणीने विचारलं, कुठे नेताय, कुणी सांगितलं? तिथून सगळं उलगडलं. आणि २०१० साली निसर्गावरचे माहितीपट करणारे डेव्हिड अॅटनबरो यांच्या रिचमंडमधल्या बागेत खोदकाम करताना एक कवटी निघाली, ती ज्युलिया थॉमसचीच असल्याचं पुढच्या वर्षी कॉरोनरने जाहीर केलं. नाव माहीत होतं म्हणून १३१ वर्षांनंतरही कवटीला तिचं माणूस मिळालं.

हे सगळं लिहिताना माझं मन एका बाजूला राहत नाही. माझ्या आईच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून ज्या हातांसाठी देवाला हात जोडले, ते हात कुठल्यातरी टेबलावर, कुठल्यातरी अनोळखी देहावर शिकले होते. आमची भाचीही तिथेच शिकते आहे. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने आता माणसाने स्वतः जिवंतपणी लिहून दिल्याशिवाय त्याचा देह डिसेक्शनला घेता येत नाही. आपल्याकडचा १९४९ चा मुंबई शरीरशास्त्र कायदा १८३२ च्याच वळणाचा आहे, दान केलेल्या देहांबरोबर बेवारस देहही त्यातून कॉलेजांना मिळतात. देहदान करणारे वाढले तर बेवारस देहांची गरज कमी होईल, एवढं मला कळतं. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमने १८३२ च्या जूनमध्ये, कायदा व्हायच्या आधीच, मरताना आपला देह त्यासाठी देऊन ठेवला होता. पैसेवाल्या, नावाजलेल्या माणसाने आपण होऊन दिलेला तो देह होता. त्याची वाट फारशी कुणी धरली नाही, म्हणून ओझं वर्कहाऊसवर पडलं.

मी देहदानाचा फॉर्म आणला आहे. आईला ते मुळीच पटलेलं नाही. माझ्या आधी तू जाणार असं धरूनच चालली आहेस का, म्हणून एक भांडण झालं, आणि मग दहाव्याला आम्ही घाटावर कुणाचं काय घेऊन जायचं, म्हणून दुसरं. देहाचा उपयोग, विज्ञान, डॉक्टर घडणं, हे सगळं तिला सांगून झालं. तिचंच ऑपरेशन पुढे करून झालं, आणि ते मला करायला नको होतं. ती म्हणते, तुझं सगळं खरं असेल, पण मला माती दिसली पाहिजे. तिला अडाणी म्हणणं सोपं आहे आणि घरातल्या एकदोघांनी म्हटलंही. मला मात्र तिच्या जागी न्यूइंग्टनचे ते नातेवाईक दिसतात, ज्यांना विचारलंच गेलं नव्हतं. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाच्या सहीची जागा आहे. भावाची सही एका मिनिटात मिळेल, तो तयार आहे. पण मला ती आईची हवी आहे, आणि ती देईपर्यंत फॉर्म द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे. काल तिने विचारलं, शिकून झाल्यावर ते देहाचं पुढे काय करतात? भाचीला विचारून सांगते म्हटलं.